कुंभारीण, सुगरण आणि आमची आक्का

आक्का गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही. ती मीच सगळ्यांना दिली. परसदारी उन्हाला बसून ती लसूण सोलत होती आणि मी आत चहा टाकला होता. दोन हाका मारल्या तरी ओ येईना. सकाळी टीव्हीच्या आवाजावरून आमची वादावादी झाली होती, तेव्हा मला वाटलं, बाई रुसली. बस म्हटलं रुसून, आणि तिचा कप बशीनं झाकून मी माझा चहा पिऊन घेतला. ऐंशी ओलांडलेल्या बाईनं रुसावं आणि पंचाहत्तरीला टेकलेलीनं मुद्दाम तिची समजूत काढू नये, असा आमचा संसार होता. मग चहा अगदीच गार होईल म्हणून बाहेर गेले, तर भिंतीला टेकून ती बसलेलीच होती. मांडीवर सूप, बोटांत अर्धवट सोललेली पाकळी... ऊन मात्र तिच्या पायांवरून सरकून तुळशीच्या पलीकडं गेलं होतं. थंडीच्या दिवसांत ऊन सरकलं की आक्का त्याच्या मागोमाग पाट घेऊन सरकायची. ती सावलीत बसली होती. तेव्हा मला कळलं.

मी फोन लावत सुटले. ज्याला लावला त्यानं एकच विचारलं, "शुभीला कळवलं का?" शुभी म्हणजे शुभांगी, माझी मुलगी. माझी म्हणजे जन्म मी दिला. बाकीचं पुढं सांगते. ती पुण्याहून आली आणि गाडीतून पाय खाली ठेवल्यापासून जो तो तिच्याच गळ्यात पडायला लागला. ते योग्यच होतं. मी आपली कुणाला पाणी दे, कुणाला चटई घाल, असं करत होते. आक्काच्या माहेरचे, गगनबावड्याकडचे एक पाहुणे तेवढे माझ्याजवळ येऊन टेकले. म्हणाले, "तुमच्या कोन लागत हुत्या?" मी म्हटलं, "जाऊ. थोरली." "आसं व्हय," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं दुःख एकदम निम्म्यावर आलं. त्यांचा काय दोष? जावा-जावा आणि उभा दावा, हे आपणच म्हणत आलो. जाऊ गेली म्हणून ऊर भरून रडणारी बाई लोकांना जरा नाटकीच वाटणार. म्हणून मी उठले, स्वयंपाकघरात गेले आणि तिनं सोललेला लसूण डब्यात भरून ठेवला.

आमचं घर फुलेवाडीत, गगनबावडा रस्त्याला लागून. इथं मी लग्न होऊन आले ती जयसिंगपूरहून. वडील शाळामास्तर, त्यामुळं मी बी.ए. झालेली, पदर पिनेनं टाचलेला, आणि तोंडात भाषा अशी की जणू आकाशवाणीवर बातम्या द्यायलाच निघाले. पहिल्याच दिवशी थोरल्या जावेला म्हणाले, "अहो आक्का, आपण बसा, मी करते." आक्का हातातलं उलथणं तसंच धरून माझ्याकडं बघत राहिली. "अहो काय म्हणतीस? मी काय तुजी हापिसर हाय व्हय? आन 'आपण' म्हंजी कोन कोन? हितं मी तर येकटीच हाय." झालं, माझं 'अहो' तिथंच चुलीत गेलं. आक्का स्वतःबद्दल बोलताना 'मी येतो, मी जातो, मी जेवलो' म्हणायची, आमच्याकडच्या बायका म्हणतात तशी. मला त्याचं भारी हसू यायचं. ती बोलत असायची आणि मी मनातल्या मनात तिची क्रियापदं स्त्रीलिंगी करत बसायची. असली शहाणी!

सासूबाईंना शिकलेल्या सुनेचं कौतुक होतं. आल्यागेल्याला त्या सांगायच्या, "आमची धाकली सुगरण हाय." मला स्वयंपाकातलं काही येत नव्हतं, पण हे ऐकून येतंय असं वाटायला लागलं. एका रविवारी मी हौसेनं तांबडा रस्सा करायला घेतला. आक्कानं पळीभर चाखला, डोळे मिटले आणि म्हणाली, "कुसमे, रश्श्यात मीठ घातलंयस का मिठात रस्सा?" मग तिनं त्यात कणकेचे गोळे सोडले, नारळाचं दूध ओतलं, आणखी काय काय केलं, आणि पंगतीत सासूबाईंनी तोंड वाकडं करताच म्हणाली, "आज माजाच हात सैल सुटला बगा." मी मान खाली घालून जेवले. आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीनं 'काय सुगरणबाई' म्हटल्यावर पुन्हा मान वर केली.

आता कुंभारणीचं सांगायला हवं. आक्काच्या खोलीच्या दाराच्या चौकटीवर दर साली कुंभारीण घर करायची. गांधीलमाशीची चुलतबहीण म्हणा, कंबर सुतासारखी. तोंडात चिखलाची गोळी धरून यायची आणि बोराएवढं, गळा काढलेलं मडकं घडवायची. कुंभारणीनं घर केलं की त्या घरात पाळणा हलतो, असं आमच्याकडं मानतात. सासूबाई तर फारच मानायच्या. आक्काच्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षं होऊन गेली होती. दर साली मडकं लागायचं, दर साली सासूबाई आधी चौकटीकडं आणि मग आक्काच्या कमरेकडं बघायच्या, आणि दर साली काही व्हायचं नाही. मी आले त्याच्या पुढच्या सालीही कुंभारणीनं आक्काच्याच चौकटीवर मडकं लावलं, आणि दिवस गेले मला. सासूबाई चौकटीकडं बघून म्हणाल्या, "मेलीनं दार चुकीवलं." मी तिथंच होते, पिठात हात घातलेले, वर बघायची हिंमत नव्हती. आक्का भाकरी थापता थापता म्हणाली, "चुकीवलं न्हाय, आत्ती. घर येकच हाय न्हवं? दारं दोन असली म्हणून काय झालं?"

शुभी झाली. मी सरकारी ऑफिसात कारकून होते. रजा संपली तशी मी डबा भरून, चप्पल घालून चालायला लागले. पोर आक्काकडं. रोज सकाळी आक्का तिला दोन गुडघ्यांच्या मधे बसवायची, डोक्यावर तेल घालायची आणि केस विंचरताना तिच्या कानाशी तोंड नेऊन गुणगुणायची. ओवी नाही, अभंग नाही, शब्दच नाही. नुसतं गुंऽऽ... भिंतीवर माशी फिरावी तसं. एकदा मी विचारलं, "हे काय चाललंय, आक्का?" ती म्हणाली, "कुंभारीण काय करती ठावं न्हाय तुला? तिला पोर हुत न्हाय. मग ती झाडावरची हिरवी अळी उचलून आणती. दुसऱ्याची. मडक्यात घालती, तोंड लिपती, आन भवतीनं गुणगुणत ऱ्हाती. अळी आत बसून ऐकती. ऐकून ऐकून तिला पंख फुटत्यात, कंबर बारीक हुती. येक दिवस मडकं फोडून भाईर येती ती कुंभारीणच." तिच्या गावी देवळात कीर्तनकारबुवा हे सांगायचे म्हणे. मीही कुठं कुंभारणीच्या घरात डोकावले होते? मी आपला बी.ए.चा चेहरा केला आणि म्हणाले, "वा, फार सुंदर दृष्टांत आहे." मला वाटलं ती दृष्टांत देतेय. तिला वाटत होतं ती कृती सांगतेय.

शुभी पाचवीत गेली तेव्हा शाळेच्या प्रदर्शनासाठी बाईंनी मुलांना तक्ते करायला सांगितले. एक कीटक, एक पक्षी, दोघांची तुलना. दोन रकाने आणि मधे उभी रेघ. बाकीच्या मुलांनी मधमाशी आणि चिमणी, नाहीतर फुलपाखरू आणि मोर घेतले. आमच्या पोरीनं घेतली कुंभारीण आणि सुगरण. म्हणाली, "दोघी बायका, दोघी घर बांधणाऱ्या." शाळेनं आपल्यालाच आवतण दिल्यासारखी आक्का खूश झाली. "लिव लिव, माज्या कुंभारणीचं चांगलं लिव," असं दिवसातून चारदा सांगायची.

रविवारी आम्ही सगळे रानात गेलो. आमचा थोडा ऊस होता, विहीर होती, विहिरीवर वाकलेली बाभळ होती आणि बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबत होते. थोरले दीर, म्हणजे आक्काचे मालक, पोरीला खोपा दाखवत होते. "बग, उसाच्या पाल्याची किती बारीक चिरोटी काढती. बाईमाणसाचा हात तो बाईमाणसाचाच." शुभी बांधावर बसून बाईंनी दिलेलं पुस्तक उघडून एकदा पानात आणि एकदा झाडावर बघत होती. मग तिनं जाहीर केलं, "पिवळ्या डोक्याचा असतो तो नर. आणि विणतोय तोच. मादी काहीच विणत नाही." दीर गोंधळलेच. "मग त्येला सुगरण कशाला म्हणायचं, आं?" आमचे हे म्हणाले, "आपल्याकडं बायका मी येतो, मी जातो म्हणत्यात दादा, त्यात बाप्या कोन आन बाई कोन हे पाखरालाच कळंना झालं आसंल." आक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "नावाचं सोडा, कामाचं बगा. इवलंसं पाखरू घर बांधालंय. आन तुमी दोगं भाव गेल्या पावसापास्नं येक गळकं कौल बदलीना झालाय!" तेवढ्यात खरोखरच एक मादी आली, अर्ध्या खोप्यात शिरली, बाहेर आली आणि उडून गेली. तो पिवळा बिचारा पंख फडफडवत बघत राहिला. शुभीनं वाचून दाखवलं की मादीला घर पसंत पडलं तरच ती राहते. आक्का म्हणाली, "बग गं कुसमे. आपल्याला कुणी आदी घर दावलं हुतं? बोहल्यावरनं उतारलो ते थेट चुलीम्होरं." पुस्तकात पुढं असंही होतं की एकीचं खोप्यात बस्तान बसलं की तो नर दुसरीसाठी दुसरा विणायला घेतो. आक्का लगेच दिरांना म्हणाली, "तुमी ऐकू नगासा हे." परत येताना आम्ही इतक्या हसलो की पोट दुखायला लागलं. घरी आल्यावर मी माझी पदवी नवऱ्याला देऊन टाकली. आठवडाभर ते ऑफिसातून आले की शुभी दारातून ओरडायची, "आक्का, सुगरण आली!"

पाखराची चूक दुरुस्त झाली ती अशी, हसतखेळत. माशीची तशी झाली नाही.

शुभीला तक्त्यावर कुंभारणीचं खरं मडकं चिकटवायचं होतं. फुटकं, भोक पडलेलं नको, अख्खंच पाहिजे. आक्का स्टुलावर चढली आणि उलथण्याच्या धारेनं तिनं चौकटीवरचं एक मडकं अलगद सोडवलं, देव्हाऱ्यातला टाक हलवावा तसं. तळहातावर घेऊन खाली उतरली, आणि उतरताना तोल सावरायला तिची मूठ जराशी मिटली. मडकं हातातच फुटलं. आत हिरव्या अळ्या होत्या, लुळ्या पडलेल्या. काहींची नुसती सालं उरली होती. आणि मधे एक लठ्ठ, पिवळसर, बिनपायाचा किडा एका अळीला तोंड लावून बसला होता. शुभी आनंदानं नाचायला लागली. "आक्का, हे कुंभारणीचं पिल्लू! बाई सांगत होत्या ते खरं निघालं. ती अंडं घालते आणि त्याच्यासाठी अळ्या भरून ठेवते!"

"म्हंजी ह्या अळ्या...?"

"त्याचं जेवण!"

"आन त्येंची कुंभारीण हुत न्हाय?"

"नाही गं. त्या मरतात."

आक्का बराच वेळ तळहाताकडं बघत होती. मग परसात गेली, ते सगळं तुळशीच्या बुडाला ठेवलं आणि हात धुतले. धुतच राहिली. शुभी मागोमाग जाऊन विचारत होती, "आक्का, दुसरं काढून देतेस?" आणि मी दारात उभी होते. मला तेव्हा कळत होतं काय झालंय ते, पण बोलायचं काय? 'तो दृष्टांत होता' असं म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी आक्कानं पोरीची वेणी गुपचूप घातली. शुभी म्हणाली, "आक्का, गुणगुण कर की." आक्का म्हणाली, "अळी हाईस व्हय तू?" तिसऱ्या दिवशी तिनं फणी माझ्या हातात दिली. "तुजी पोर, तू घाल तिची येणी." मग ताट. "आईला वाडाय सांग." मग अंथरूण. इतकी वर्षं शुभी आक्काच्या कुशीत झोपायची, ती आमच्या खोलीत आली. शेजारून उसनी आणलेली वाटी घासूनपुसून परत करावी, तशी आक्का मला माझी पोर परत करत होती. भांडण नाही, रुसवा नाही. आणि मी? मी ताठ मानेनं फणी हातात घेतली! आई मीच ना? मग मला काय अवघड? सकाळी एक डोळा घड्याळावर, एक भांगावर, आणि पोरगी शाळेत गेली ती एक वेणी पन्हाळ्याकडं आणि एक जयसिंगपूरकडं अशी. रोज ती रडायची, "तू ओढतेस." रोज मला ऑफिसात उशीर व्हायचा. आक्का मागल्या दारी भांडी घासत बसायची, पाठ आमच्याकडं करून. पोरीचं रडणं ऐकलं की तिचा हात थांबायचा. उठायची मात्र नाही.

प्रदर्शनाला ती यायला तयार नव्हती. "माजं काय काम तितं?" म्हणाली. शुभीनं तिला अक्षरशः पदराला धरून ओढत नेलं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून थेट शाळेत पोचले, खांद्याला पर्स, हातात डब्याची पिशवी. व्हरांड्यात ओळीनं तक्ते लावले होते. आमच्या तक्त्यावर एक फुटकं मडकं आणि खोप्याचा तुकडा चिकटवला होता. आक्का म्हणाली, "चष्मा घरात ऱ्हायला. वाच तूच." शुभीनं हात मागं बांधून, शाळेच्या भाषेत वाचायला सुरुवात केली. "सुगरण. यांच्यात घर नर बांधतो. कुंभारीण. हिच्यात मादी एकटीच घर बांधते. आत अंडे घालते, पिल्लासाठी अन्न भरून ठेवते, तोंड बंद करते आणि निघून जाते. तिची आणि पिल्लाची भेट कधीच होत नाही."

"कवाच न्हाय?" आक्कानं विचारलं.

"कधीच नाही."

आक्का सावकाश वळली आणि तिनं माझ्याकडं बघितलं. पर्स बघितली, डब्याची पिशवी बघितली, मनगटावरचं घड्याळ बघितलं. आणि तो व्हरांडा दणाणून जाईल अशा आवाजात म्हणाली, "आगं कुसमे, ही तर तू! डबा भरायचा, दार वडायचं, आन भुर्रकन हापिसात!"

सगळ्या आया हसल्या. बाईंनी तोंडाला रुमाल लावला. मी अशी लाल झाले की तांबडा रस्सा परवडला. सुशिक्षित, नोकरदार सौभाग्यवती कुसुमताईंचा पार चिखलाचा गोळा झाला तिथं. आज मात्र लिहिता लिहिता मला हसू आवरत नाहीये. किती दिवसांनी आक्का तशी हसली होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आणि त्या हसण्याच्या भरातच तिनं विचारलं, "आन मी गं, शुभे? माजं काय लिवलंयस?"

शुभी तक्त्याकडं वळली. तिनं खरोखरच शोधलं. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, मधल्या रेघेवरून बोट वरून खालपर्यंत नेलं. मग म्हणाली, "तुझा रकाना नाहीये, आक्का. दोनच होते."

ह्यावर कुणी हसलं नाही. आक्कानं पदरानं तोंड पुसलं. "न्हाय तर न्हाय," ती म्हणाली. "पर ही येणी कुणी घातलीया तुजी? मेंढराच्या शेपटागत? आन आशीच हिंडालीयस व्हय शाळंत, समद्या लोकांम्होरं? हिकडं ये." आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसकण मारून तिनं पोरीला दोन गुडघ्यांच्या मधे ओढलं, रिबिनी सोडल्या आणि बोटांनीच केस विंचरायला लागली. गुणगुण त्या दिवशी झाली नाही आणि पुढंही कधी झाली नाही. त्याच्या जागी बोलणी आली. "मान सरळ धर. नखं का वाडीवलीस? दूद सोडून आलीस, व्हय न्हवं? मला काय कळत न्हाय वाटलं?" शुभीच्या कानाशी तोंड नेऊन, एका दमात, केस संपेपर्यंत. शुभी डोळे मिटून बसली होती. मी शेजारी उभी होते, हातात दोन रिबिनी धरून.

पुढं मग सगळं होतं तसंच झालं. सासूबाई गेल्या, दीर गेले, काही वर्षांनी आमचे हे गेले. ऊस गेला, बाभळ रस्त्यात गेली. शुभी शिकली, पुण्याला नोकरीला लागली, तिथंच तिचं घर झालं. मी निवृत्त झाले त्या दिवशी गळ्यात हार आणि हातात नारळ घेऊन दारात उभी राहिले, तर आक्कानं भाकरतुकडा ओवाळून टाकला. "या. आता आलीस व्हय नांदाय?" खरं सांगू, मी नांदले ती तिथून पुढं. तोवर मी त्या घरात रात्रीच्या मुक्कामाला असायची. नवरे असताना आम्ही जावा होतो. ते गेल्यावर काय होतो कुणास ठाऊक. दोन म्हाताऱ्या, दोन खुर्च्या, एक टीव्ही. तिला ऐकू कमी यायला लागलं तसा आवाज वाढला, माझं डोकं दुखायला लागलं, भांडणं झाली. अबोला धरायचा तर कुणाशी, आणि सोडायला मध्यस्थ कोण, म्हणून तो चहाच्या वेळेपर्यंतच टिकायचा. त्या दिवशीचा तेवढा टिकला.

दिवस झाले, पाहुणे पांगले, शुभीही गेली. ती 'चल माझ्याबरोबर' म्हणाली, मी 'बघू' म्हटलं. आता घरात मी. दिवसभरात मला कुणी एकदाही चूक म्हणत नाही. ही काय भयंकर गोष्ट आहे, ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. भाजीत मीठ जास्त पडतं, ती मी गपचूप खाते. उलटी साडी नेसून अर्धा दिवस हिंडले परवा, कुणी हसलं नाही. रस्त्यावरून गगनबावड्याची एस.टी. जाते, खिडक्यांच्या काचा थरथरतात, आणि मग पुन्हा काही नाही. कुणी भेटायला आलंच तर शुभीची चौकशी करतात. "लई जीव हुता तिचा आक्कावर. कशी हाय आता?" बरी आहे, मी म्हणते.

शुभीचा फोन रोज संध्याकाळी येतो. मोठ्या कंपनीत आहे ती, बोलणं कामापुरतं, इस्त्रीचं. "आई, बीपीची गोळी घेतलीस ना? ओके. लाइट बिल मी भरलंय. ओके." एवढ्यात फोन संपतो. एका संध्याकाळी मला खरंच भूक नव्हती, तेव्हा मी तिला सांगितलं, आज काही जेवले नाही. आणि पलीकडं एकदम बांधच फुटला.

"जेवली न्हाईस म्हंजी काय? आँ? पोट काय भाड्यानं दिलंयस व्हय गं कुणाला? हितं मी दिवसभर मरालोय, आन तू तितं उपाशी बसून कुणाला दावालीयस? ऊठ आदी! भाकरी जमंना तर भात टाक. उद्या पुन्ना आसं कानावर आलं न्हवं, तर हाय तसाच गाडीत बसून येतो बग मी!"

येतो, म्हणाली. मागून नातवाचा आवाज आला, "मम्मा, तू कुठल्या लँग्वेजमध्ये बोलतेयस?" आणि ती त्याच तारेत त्याच्यावर ओरडली, "मराठीतच की! दुसऱ्या कुठल्या बोलू?" तिला काही पत्ताच नव्हता.

शुभी मराठी पुरवण्या वाचत नाही, तेव्हा इथं लिहायला हरकत नाही. हल्ली मी दिवे लागायच्या आतच जेवून घेते. ताट घासून पालथं घालते. परसदारी आक्का बसायची तिथं पाट मांडते, फोन पाटावर ठेवते, त्याचा आवाज जेवढा मोठा होईल तेवढा मोठा करते आणि समोर पायरीवर बसते. फोन वाजला, गोळीचं झालं, बिलाचं झालं, की मी बारीक आवाज काढून म्हणते, "नाही गं बाई, आज जेवावंसंच वाटलं नाही." आणि गप्प बसते.

काल ती फार वेळ बोलली. शेजारच्या परसातल्या बायकाही कान देऊन ऐकत होत्या. शेवटी दम लागला तिला. म्हणाली, "ऐकालीयस न्हवं? का ठेवलास फोन?"

"ऐकतेय," मी म्हटलं. "बोल तू... अजून बोल."